न बोलावता यायचं असतं

आधी ट्रॉली आली, मग तिच्या मागून माणूस आला.

सेल्गा पुलाच्या तोंडाशी, पायाशी पिशवी ठेवून, हातमोजा चढवत उभी होती. रात्रभर बर्फ पडून पायवाट नुसती काच झाली होती, आणि त्या काचेवरून बिअरच्या खोक्यांनी खचाखच भरलेली एक ट्रॉली उतारावरून एकटीच घरंगळत निघाली होती. मागून एक उंच, लोकरी टोपीवाला माणूस हातवारे करत, घसरत, स्वतःला सावरत धावत होता.

"सरका! सरका—"

सेल्गा सरकली. पिशवी सरकली नाही. ट्रॉलीने पिशवीला धडक दिली, कठड्याला टेकली आणि थांबली. पिशवीतला काळा पाव बर्फावर जाऊन पडला.

"लागलं का तुम्हाला?" तो धापा टाकत म्हणाला.

"मला नाही. पावाला लागलं."

त्याने वाकून पाव उचलला, बाहीने त्याच्यावरचं बर्फ झटकलं आणि वेष्टनावरचं नाव वाचून जरा थबकला. "हा तर आमच्याकडचा पाव."

"आणि ही आमच्याकडची बिअर," सेल्गा म्हणाली. "एवढी! एस्टोनियात पाण्याची टंचाई झालीय की काय?"

"मित्राकडे... सौनात वाफ घ्यायला जमतोय."

"मित्र किती? सगळं सैन्य?"

"आमच्याकडे दारूवर कर जास्त आहे, त्यामुळे—"

"कर जास्त, पगार जास्त, इंटरनेट जोरात, रस्ते गुळगुळीत. सगळं तुमचंच भारी. मग शनिवार उजाडला की सगळा श्रीमंत देश ट्रॉल्या घेऊन आमच्या दारात का हो उभा?"

तो विचार करायला लागला. असा-तसा नाही, चांगला सावकाश. पापण्यांवर बर्फाचे कण येऊन बसले तरी याचा विचार चालूच. सेल्गा वळून निघणार, तेवढ्यात तो म्हणाला, "लात्वियाचा पाव जगात भारी, असं तुम्ही लोक सांगता. मग आमचा कशाला नेता?"

सेल्गा हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. "बाबांसाठी. हे कोणाला सांगायचं नाही. ते चारचौघांत एस्टोनियाचं पाणीसुद्धा पीत नाहीत."

आता आमचं गाव असंच आहे, त्याला कोण काय करणार! गाव एक, देश दोन. ओढ्याच्या अलीकडे लात्वियातलं वाल्का, पलीकडे एस्टोनियातलं वाल्गा. मध्ये एक छोटा पूल. पोलीस नाही, फाटक नाही, पण पुलावर पाऊल टाकलं की डांबराचा रंग बदलतो, दुकानांच्या पाट्या बदलतात आणि नर्सचा पगार बदलतो. अलीकडची निम्मी माणसं सकाळी पलीकडे कामाला जातात, पलीकडची निम्मी माणसं शनिवारी अलीकडे बिअर न्यायला येतात. आणि दोन्हीकडची सगळी माणसं दिवसभर एकमेकांना कमी लेखतात. करमणूक म्हणून तेवढी एकच गोष्ट आम्हाला फुकट मिळते.

"मी इंद्रेक," तो म्हणाला.

"सेल्गा."

"सेल्गा?" तो पुन्हा विचारात पडला. "त्या नावाची बिस्किटं मिळतात आमच्याकडे."

"मिळतात. मग?"

"मला आवडतात." एवढं बोलताच त्याचे कान टोपीखाली लालबुंद झाले. "म्हणजे... बिस्किटं."

*

सेल्गा वाल्कातल्या संगीत शाळेत मुलांना कोकले शिकवायची. कोकले म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं तारांचं वाद्य. लात्वियात कोकलेचा मान मोठा, पण शिकवणाऱ्या बाईचा पगार एवढासा. हिवाळ्यात त्यातला अर्धा घर गरम ठेवण्यातच उडून जायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात फक्त बाबा आयवार्स. थोरली बहीण इंगा आयर्लंडमध्ये, एका हॉटेलात.

इंगा दर रविवारी फोनवर एकच तुणतुणं लावायची. "अगं ये इकडे! रिसेप्शनवर जागा झालीय. तिथे तीन महिन्यांत कमावतेस तेवढं इथे एका महिन्यात. आमचा मालक थांबलाय तुझ्यासाठी, पण किती थांबेल?"

"माझा नामदिन होऊ दे," सेल्गा म्हणायची. "मग सांगते."

नामदिन म्हणजे आपल्या नावाचा दिवस, आमच्याकडे तो वाढदिवसासारखा साजरा होतो. आधी ती हे टाळायला म्हणायची. पण त्या ट्रॉलीवाल्या शनिवारनंतर तिला खरंच थांबायचं होतं. कारण पुढच्या शनिवारी ती सहज म्हणून पुलावर गेली, तर इंद्रेकही सहज म्हणून तिथे उभा होता. हातात ट्रॉली नाही, पिशवी नाही, काही नाही.

"बिअर संपली वाटतं?" सेल्गाने विचारलं.

"नाही. भरपूर आहे."

"मग इकडे कुठे?"

त्याने बुटांवरचं बर्फ झटकलं. मग ओढ्याकडे बघत म्हणाला, "भांडायला."

झालं! त्या हिवाळ्यात दर शनिवारी पुलावर भांडण ठरलेलं. दोघांच्या भाषा एकमेकांना ओ की ठो कळत नाहीत, त्यामुळे भांडण शाळेत शिकलेल्या इंग्रजीत. हा म्हणायचा, आमच्याकडे सगळी सरकारी कामं घरबसल्या होतात. ती म्हणायची, बसा मग घरी, म्हणूनच तुमच्याकडे माणूस माणसाशी बोलत नाही. हा म्हणायचा, आमचे पगार जास्त. ती म्हणायची, आणि भाडं? दूध? केस कापायला तुमच्या बायका इकडे येतात त्या काय आमच्या कात्र्या बघायला? सौना कोणी शोधला यावर तर एक अख्खा शनिवार गेला आणि निकाल लागला नाही.

"आमच्याकडे लहानपणी सांगतात," इंद्रेक एकदा म्हणाला, "लात्वियाच्या लोकांना पायाला सहा बोटं असतात."

"आणि आमच्याकडे सांगतात की एस्टोनियाच्या माणसाला विनोद सांगितला तर तो तिसऱ्या दिवशी हसतो."

"खोटं आहे ते."

"सहा बोटंही खोटी आहेत."

"बघितल्याशिवाय कसं मानायचं?"

"उणे दहात बूट काढू? वा! मोठा शहाणा!" ती म्हणाली खरी, पण गाल तापले तिचे. उणे दहात.

तो लाकडी घरं बनवणाऱ्या कारखान्यात आराखडे काढायचा. घरं सगळी नॉर्वेला जायची. स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा आणि तिथल्या खिडकीतून वारा येतो म्हणून कुरकुरायचा. हे ऐकून सेल्गा पोट धरून हसली होती. त्याचा भाऊ फिनलंडला गेला होता, बांधकामावर.

"म्हणजे बघ," ती एका शनिवारी म्हणाली. तोवर दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती, कधी ते कोणाला कळलंही नव्हतं. "तुझा भाऊ फिनलंडमध्ये, माझी बहीण आयर्लंडमध्ये. आणि आपण इथे कुडकुडत भांडतोय, कशासाठी? शेवटून दुसरा नंबर कोणाचा यासाठी!"

तो हसला. लगेच हसला, तिसऱ्या दिवशी नाही. हसताना त्याचा हात कठड्यावरच्या तिच्या हातमोज्यावर आला आणि तिथेच राहिला. दोघांनीही तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर उचलावा लागला असता.

"इंगाने मलाही बोलावलंय," सेल्गा हळूच म्हणाली.

हात तिथेच होता, पण आता जड झाला.

"जाणार?"

"ठरवलं नाही. नामदिन झाला की सांगायचंय तिला."

"कधी असतो?"

"येत्या गुरुवारी." सेल्गाने त्याच्याकडे पाहिलं. "बाबा सकाळपासून क्लिंगेरिस करतात. केशर घालून, मनुका घालून, एवढा मोठा गोड पाव. दुपारपासून घर उघडंच असतं. ते पिवळं घर, पुलावरून दिसतं ना, तेच."

"छान," इंद्रेक म्हणाला.

सेल्गा गुणगुणत घरी गेली. तिच्या मते जेवढं बोलायला हवं त्याहून जास्तच तिचं बोलून झालं होतं. लात्वियाच्या मुलीने याहून स्पष्ट बोलायचं तर छपरावर चढून ओरडायला हवं. तो आला, बाबांसमोर बसला, की इंगाला सांगायचं उत्तर ठरलेलंच होतं. नाही आला, तर तेही उत्तरच.

*

गुरुवारी घर भरून गेलं. शेजारची बिरुता मासळीचं सॅलड घेऊन आली, शाळेतले सगळे आले, गाण्याच्या ग्रुपमधल्या बायका आल्या आणि त्यांनी कोट काढायच्या आधीच गायला सुरुवात केली. आयवार्स ओव्हनमधून पिरागींच्या थाळ्यांवर थाळ्या काढत होता, खारवलेल्या मांसाचं सारण भरलेल्या त्या छोट्या पावांचा वास ओढ्यापर्यंत गेला असेल.

दारावरची घंटा वाजली की सेल्गा धावायची. आणि दार उघडून, "या ना, या!" म्हणताना तिचा आवाज दर वेळी थोडा थोडा खाली यायचा.

"कोणाची वाट बघतेस?" आयवार्सने विचारलं.

"कोणाची नाही."

"मग ही बशी कोणाची? कोणी हात लावला तर वसकन अंगावर येतेस ती?"

संध्याकाळ झाली, पाहुणे पांगले. बशी तशीच कोरी. सेल्गाने ती धुतली. स्वच्छ बशी धुताना आपण काय करतोय ते तिला कळलं आणि मग मात्र रडू आलं. इतका हिवाळा भांडला, हातावर हात ठेवला, आणि चार पावलांवरचं घर गाठवेना? तिने डोळे पुसले आणि इंगाला फोन लावला.

"येते मी," ती म्हणाली. "सांग तुझ्या मालकाला."

*

शुक्रवारी सेल्गा शाळेतून येत होती, तर इंद्रेक पुलावरच होता. शनिवार नसूनही.

"काल... अभिनंदन," इंद्रेक म्हणाला. चेहरा पडलेला.

"काल होतं ते काल."

"मी फोनची वाट बघत होतो."

"कसला फोन?"

"बोलावण्याचा."

सेल्गा जागच्या जागी थांबली. "कसलं बोलावणं? नामदिनाला कोणी बोलावतं का? तुला सांगितलं ना मी, गुरुवारी आहे म्हणून? घर उघडं आहे म्हणून? कुठलं घर तेसुद्धा सांगितलं!"

"सांगितलंस. मला वाटलं... माहिती देतेयस."

"माहिती! मी काय हवामान खात्यात आहे?"

"सेल्गा, आमच्याकडे नामदिन वगैरे कोणी धरत नाही. आणि सख्ख्या भावाकडे जायचं तरी आठवडाभर आधी विचारतात. कोणाच्या घरी असं... उठून... जायचं?" शेवटचा शब्द बोलतानाही तो कसनुसा झाला. "मी पुलापर्यंत आलो होतो. दोनदा. फुलं घेऊन. तुमची खिडकी दिसत होती. आत केवढी माणसं! मला वाटलं, गावभर बोलावलंय, फक्त मला नाही."

"त्यातल्या एकालाही बोलावलं नव्हतं रे!" सेल्गाचा आवाज फुटला. "एकालाही नाही! नामदिनाला न बोलावता यायचं असतं. ज्याला वाटतं तो येतो. म्हणून तर कळतं ना, कोणाला वाटतं ते!"

त्याने तिच्याकडे एक पाऊल टाकलं.

"आणि आता काही उपयोग नाही. काल रात्री इंगाला हो म्हणून बसलेय मी. पंधरवड्यात निघायचं." तिने मफलर तोंडावर ओढून घेतला. "तू कर विचार निवांत. तुला वेळ लागतो."

*

घरी येऊन ती स्वयंपाकघरात बसली. आयवार्स समोर उरलेल्या क्लिंगेरिसचा तुकडा कॉफीत बुडवत होता. लेकीचा चेहरा बघून त्याने दुसरा कप भरून तिच्यापुढे सरकवला.

घंटा वाजली. आयवार्स उठून गेला. सेल्गाला तो आवाज ऐकू आला आणि कप हातातच राहिला.

"नमस्कार. मी इंद्रेक. सेल्गाला नामदिनाच्या शुभेच्छा द्यायला आलोय."

आयवार्सने तरुणपणी पलीकडच्या रेल्वे यार्डात नोकरी केलेली, त्यामुळे एस्टोनियन त्याला फाडफाड यायचं. बोलायचा मात्र नाही, मुद्दाम. आज बोलला. "नामदिन काल झाला. आज दार्ताचा. इथे कोणी दार्ता राहत नाही."

बाहेर शांतता. ओळखीची, लांबलचक. सेल्गाने डोळे घट्ट मिटले. आता हा 'माफ करा' म्हणणार आणि जाणार. जाणारच.

"मग दार्ताच्या शुभेच्छा तुम्हीच ठेवून घ्या," इंद्रेकचा आवाज आला. "मला फक्त आत यायचंय."

"कोणी बोलावलंय?"

"नाही." आणि मग जरा मोठ्याने, आत सेल्गाला कळावं म्हणून इंग्रजीत, "कोणीही बोलावलेलं नाही."

"सेल्गा!" आयवार्स ओरडला. "अगं, एक एस्टोनियन न बोलावता आलाय! बिरुताला हाक मार, नाहीतर उद्या ती मला खोटारडा म्हणेल!"

इंद्रेक बूट काढून आत आला. हातात ट्यूलिप होते, कालचे, रात्रभर बाल्कनीत राहून गारठलेले. एकाने तर मान टाकली होती. त्याने ते टेबलावर ठेवले, टोपी काढली, पुन्हा हातात घेतली.

"मी हिवाळाभर सांगत होतो आमच्याकडे काय काय जास्त आहे. पगार. इंटरनेट. पेन्शन. ते सगळं खरं आहे—"

"इंद्रेक, अरे, हे काय बोलणं झालं?"

"थांब ना. मला वेळ लागतो." त्याने श्वास घेतला. "खरं आहे ते सगळं. पण मी शनिवारी घरी जाऊन रविवारपासून पुढच्या शनिवारी काय भांडायचं ते ठरवायचो. बाकी काही सुचायचंच नाही. पलीकडे सगळं जास्त आहे, फक्त तू नाहीस. मला... तू आवडतेस. बिस्किटं नाही. तू."

आयवार्स खिडकीबाहेर बघायला लागला. जायचं मात्र त्याने टाळलं.

"एवढंच?" सेल्गाचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते. "पुढचं वाक्य कोण बोलणार?"

"तू राहा असं मी कसं म्हणू? आयर्लंडचा पगार तिप्पट. माझ्याकडे वारा येणाऱ्या दोन खोल्या आहेत. विचारायचा हक्क तरी—"

"कोणी हक्क विचारला? आत्ता आलास ना न विचारता? मग तसंच म्हण की एकदा, न विचारता!"

"राहा," इंद्रेक म्हणाला.

त्याने विचार केलाच नाही. स्वतःच्या वेगाने तोच दचकला. सेल्गा उठली आणि तिने दोन्ही हातांनी त्याचे गारठलेले कान धरले, घट्ट. त्याला बहुधा तेवढं पुरेसं वाटलं नसावं, कारण त्याने वाकून तिच्या कपाळावर ओठ टेकले. मग आयवार्स अजून खिडकीबाहेर बघतोय याची खात्री करून ओठांवरही.

"पगार दोघांचेही बेताचे," आयवार्स काचेलाच सांगितल्यासारखा म्हणाला, "पण एका घरात राहिलं तर हीटिंगचं बिल एकच येतं. मी आपलं सांगून ठेवतो."

"बाबा!"

"बरं, कॉफी घ्या." त्याने तिसरा कप काढला, क्लिंगेरिसचा मोठा तुकडा कापला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर जाऊन चष्मा लावला. आमच्याकडे कॅलेंडरात रोजच्या तारखेखाली नावं छापलेली असतात, ज्याचं नाव त्याचा दिवस. तो पानं उलटत राहिला, उलटत राहिला. "इंद्रेक... इंद्रेक... छे. नाहीस तू आमच्यात."

इंद्रेकचा चेहरा उतरला. अगदी लहान मुलासारखा.

"बावीस मे," सेल्गा म्हणाली.

"काय?"

"ज्यांची नावं कॅलेंडरात नाहीत, त्या सगळ्यांचा दिवस. सगळ्या वेगळ्या, परक्या, विचित्र नावांचा. तुझा."

"आणि त्या दिवशी घर उघडं ठेवायचं," आयवार्सने दम भरला. "खायला भरपूर करायचं. आम्ही काही सांगून येणार नाही."

"किती माणसं येतील?" इंद्रेकने घाबरून विचारलं.

"ते कोणाला ठाऊक! ज्याला वाटेल तो येईल."

मग इंद्रेकने सेल्गाकडे पाहिलं, 'राहशील ना?' असं विचारलं मात्र नाही. पण तो प्रश्न त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर होता.

सेल्गाने टेबलावरचा फोन उचलला आणि त्याच्यासमोरच आयर्लंडला लावला.

"इंगा? ऐक ना. मला नाही जमणार यायला."

"म्हणजे? काल तर हो म्हणालीस! मी मालकाला सांगूनसुद्धा आले! काय झालं काय?"

"बावीस मेला मला एकाच्या घरी जायचंय."

"मे महिन्यात? कोणाकडे? कोणी बोलावलंय तुला?"

"कोणीच नाही गं," सेल्गा म्हणाली.

इंगा आयर्लंडमध्ये राहत असली तरी लात्वियाचीच होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

"नाव काय त्याचं?" तिने विचारलं.